वरसईचे भटजी आणि रेवसची बोट



या व्याख्यानमालेचे निमंत्रण आले तेव्हा विषयाची निवड चालकांनी आमच्यावरच सोपविली होती. आम्ही विषय कळविला : 'लेखन, इतिहास आणि माणसांची आयुष्ये यांचा एकत्र अभ्यास.' तो वाचून चालकांपैकी एका गृहस्थांनी हसत विचारले, "हे एम. ए. च्या वर्गातले प्रकरण दिसते. आमच्या रेवसकरांनी ते ऐकून करायचे काय?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर या तासाभरात देता आले नाही, तर आमचे येथे येणे व्यर्थ गेले असे आम्ही समजू.

आज दुपारी आम्ही भाऊच्या धक्क्यावरून लाँचने इकडे आलो. चैत्रातला समुद्र कसा असतो ते आपणांस सांगायला नको. वाटेत शेजारी बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी बोट दाखवून एवढेच म्हटले, "तो तिकडे काशाचा खडक." पुढे ते काही बोलले नाहीत आणि आम्हीही काही विचारले नाही. या किनाऱ्यावर त्या चार शब्दांपुढे कोणी काही बोलत नाही.

१७ जुलै १९४७ या दिवशी सकाळी आठच्या सुमारास 'रामदास' बोट मुंबईहून रेवसकडे निघाली. आषाढ अमावास्येचे, म्हणजे गटारीचे दिवस. घरी जाणारी माणसे बोटीवर दाटीने भरलेली. वाटेत हवा बिघडली, लाटांचा मारा सुरू झाला, माणसे एका बाजूस धावली आणि काशाच्या खडकाजवळ बोट कलंडून बुडाली. मुंबईत बातमी नीट पोहोचली ती दुपारनंतर, पोहून किंवा लाटांबरोबर किनाऱ्यास लागलेल्या माणसांकडून. सहाशेंहून अधिक माणसे गेली. स्वातंत्र्य अवघे एकोणतीस दिवसांवर आले होते. देशाच्या इतिहासात तो महिना वेगळ्या कारणासाठी लिहिला गेला, आणि रेवसच्या इतिहासात वेगळ्या.

आता आम्ही 'सहाशेंहून अधिक' असे म्हणालो. नेमके किती? निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळे आकडे दिलेले आढळतात. असे का व्हावे, याचा थोडा विचार करून पाहा. तिकिटांवरून माणसे मोजावीत, तर कडेवरची मुले आणि बिनतिकिटाचे लोक मोजणीत येत नाहीत. सापडलेल्या प्रेतांवरून मोजावीत, तर समुद्राने परत न दिलेली माणसे राहून जातात. घरोघर जाऊन कोण परत आले नाही असे विचारावे, तर हिशेब बरोबर येईल. परंतु त्यासाठी गावोगाव फिरावे लागेल आणि माणसांशी बोलावे लागेल. म्हणजे एवढा एक आकडा काढायचा म्हटला तरी दफ्तर, समुद्र आणि माणसाचे तोंड या तिन्हींकडे जाणे आले. आमचा आजचा विषय तो हाच. नाव तेवढे भारदस्त आहे. गोष्ट साधी आहे.

आमच्या विद्यापीठांत या तिन्ही गोष्टींची दालने वेगळी आहेत. कागद इतिहासवाल्यांचा, पुस्तक साहित्यवाल्यांचे, आणि माणसाचे आयुष्य समाजशास्त्रवाल्यांचे. शिकविण्याच्या सोयीसाठी दालने हवीत, त्याविषयी आमची तक्रार नाही. घरातही देवघर वेगळे आणि माजघर वेगळे असते. परंतु मधली दारे कायमची बंद करून घेतली तर घरात राहणे कठीण होईल. दारे बंद केल्याने काय होते याचा एक दाखला आम्हांस द्यावयाचा आहे. तो आमच्याच चुकीचा आहे, म्हणून तो सांगण्यास आम्हांस अधिकार आहे असे वाटते.

सुमारे वीस वर्षांपूर्वी याच खाडीकाठच्या गावचा एक विद्यार्थी आमच्याकडे आला. मराठी घेऊन एम. ए. झालेला, मुलगा हुशार. त्याची आजी 'रामदास' बुडाली तेव्हा दहा-अकरा वर्षांची होती. तिचा बाप त्या बोटीने घरी येणार होता. ती रेवसच्या धक्क्यावर सकाळपासून अंधार पडेपर्यंत उभी होती. दर गटारीस ती हा सारा दिवस पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगे. तेच शब्द, तोच क्रम. या कथनावर प्रबंध लिहावा असे त्याच्या मनात होते. आम्ही त्यास म्हणालो, "हा विषय साहित्याचा नव्हे. इतिहास विभागात जा." तो तिकडे गेला. तेथे त्यास सांगण्यात आले की एका म्हातारीच्या आठवणीवर इतिहास होत नाही. हा विषय साहित्याचा आहे. दोन्हीकडून परत आलेला तो मुलगा शेवटी एका प्रसिद्ध कादंबरीकारावर प्रबंध लिहून मोकळा झाला. पाच-सहा वर्षांनी तो भेटला तेव्हा आम्ही आजींची चौकशी केली. आजी गेल्या होत्या. त्यांची पत्र्याची पेटी, तीत बापाने मुंबईहून पाठविलेल्या मनिऑर्डरींची कुपने होती, ती घर बदलताना रद्दीत गेली. आपणांपैकी वडीलधाऱ्यांस आठवत असेल, मनिऑर्डरीच्या त्या कुपनावर चार ओळींचा मजकूर लिहिण्यास जागा असे. त्या चार ओळींत माणसे सारा महिना बसवीत. ते सारे गेले. दोष त्या मुलाचा नव्हता, आमचा होता.

त्या आजींच्या सांगण्यात एक विलक्षण गोष्ट होती. "बोट मी धक्क्यावरून पाहिली. येता येता दिसेनाशी झाली," असे त्या म्हणत. त्यावर इतिहासवाल्यांचा आक्षेप असा की, पावसाळी हवेत इतक्या दुरून ते दिसणे शक्य नाही. सबब ही साक्ष खोटी. आम्हांस त्या वेळी हा आक्षेप निर्णायक वाटला. आज वाटत नाही. त्या बोलण्यातील कोणता भाग ताडून पाहता येतो? गटारीचा दिवस होता, हे पंचांग सांगते. अमावास्या म्हणजे समुद्राला उधाण, हे येथला कोणताही कोळी सांगेल. मूल दिवसभर धक्क्यावर उभे होते, हे त्या वेळच्या शेजाऱ्यांकडून कळले असते. बोट दिसली असेल की नाही, हे अंतर आणि हवा यांवरून ठरविता आले असते. आणि समजा, दिसली नसेलच. तर साठ वर्षे दर गटारीस एक बाई आपल्या बापाची बोट डोळ्यांसमोर का आणीत राहिली, हा प्रश्न उरतोच. ज्याचे प्रेत हाती आले नाही, त्याचा शेवट निदान आपण पाहिला असे मनाला वाटावे लागते काय? हा प्रश्न दफ्तराचा नाही. परंतु तो खराखुरा प्रश्न आहे, आणि कथा कशी सांगितली जाते याचा अभ्यास केलेल्या माणसासच तो नीट विचारता येतो. साक्ष चुकली म्हणून ती निरुपयोगी होत नाही. कशी चुकली आणि का चुकली, हीही एक माहितीच असते.

हे आम्ही आज नव्याने शोधून काढलेले नाही. आपल्याच जिल्ह्यातील एका गावाने ही वाट केव्हाच दाखवून ठेवली आहे. पेण तालुक्यातील वरसई हे ते गाव.

वरसईचे विष्णुभट गोडसे हे गरीब भिक्षुक. घरावर कर्ज. उत्तरेस बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर मिळणार, अशी वार्ता आली म्हणून १८५७ साली ते आपल्या चुलत्यांबरोबर निघाले. त्याच वर्षी १८ जुलैला मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. परंतु भटजींना त्याची वार्ता असण्याचे कारण नव्हते. महूच्या बाजूस त्यांना बंडाची बातमी लागली, आणि दक्षिणेसाठी निघालेला हा भिक्षुक थेट धामधुमीत सापडला. झाशीला वेढा पडला तेव्हा ते झाशीत होते. शहर पडल्यानंतरची कत्तल आणि लूट त्यांनी आत राहून पाहिली. मिळविलेले पैसे लुटारूंनी नेले. घरी परतताना त्यांच्याजवळ राहिली ती गंगेची कावड. ती त्यांनी खांद्यावर वाहून वरसईस आणली आणि आईबापांस त्या पाण्याने स्नान घातले.

पुढे १८८३ च्या सुमारास चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून भटजींनी हा सारा प्रवास लिहून काढला. सरकारच्या भीतीमुळे तो लगेच छापला गेला नाही. भटजींच्या मृत्यूनंतर, १९०७ साली, 'माझा प्रवास' या नावाने वैद्यांनी तो प्रसिद्ध केला. मराठीतले ते एक अपूर्व पुस्तक आहे. अमृतलाल नागरांनी ते हिंदीत नेले आणि या शतकात त्याची इंग्रजी भाषांतरेही झाली.

आता या पुस्तकाला कोणत्या दालनात ठेवावे? साहित्य म्हणावे, तर त्यातली लढाई खरी आहे. इतिहास म्हणावे, तर लिहिणारा पंचवीस वर्षांनी आठवून लिहितो आहे, आणि ऐकीव गोष्टीही त्याच विश्वासाने सांगतो आहे. सरकारने धर्म बुडविण्यासाठी कायद्यांची मोठी यादी केली, अशी हकीगत त्यात येते. तशी यादी सरकारी दफ्तरात शोधीत बसू नये. परंतु सत्तावन साली शिपाई आणि भिक्षुक कोणत्या गोष्टीवर विश्वास ठेवीत होते, हे कळण्यास तिच्याइतका चांगला पुरावा दुसरा कोणता? अफवा खोटी असते, पण अफवा पसरली ही गोष्ट खरी असते. आणि चरित्र म्हणावे, तर यज्ञाच्या दक्षिणेचा हिशेब मनात करीत निघालेला हा माणूस राण्या, शिपाई आणि प्रेते पाहून परत येतो आणि शेवटी आईबापांच्या अंगावर पाणी घालतो. या आयुष्याचा अर्थ केवळ लढायांच्या तारखांनी लागत नाही.

त्या पुस्तकाची पुढची कथाही ऐकण्यासारखी आहे. वैद्यांनी छापलेला मजकूर भटजींच्या हातचा जसाच्या तसा नव्हता. त्यांनी भाषा सारखी केली, काही गाळले, काही बदलले. तो काळ परक्या सरकारचा होता आणि वैद्यांचा हेतू चांगलाच होता. शिवाय मूळ हस्तलिखित त्यांनी नष्ट केले नाही. ते भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्वाधीन केले. हे त्यांचे उपकार मोठे. त्यावरून दत्तो वामन पोतदारांनी भटजींची मूळ संहिता १९६६ साली प्रसिद्ध केली. म्हणजे जवळजवळ साठ वर्षे महाराष्ट्राने भटजींचे म्हणून जे वाचले, त्यात वैद्यांचाही आवाज मिसळलेला होता. हे ओळखण्यास संहितेची चिकित्सा लागते, आणि ते साहित्याच्या अभ्यासकाचे काम आहे. पण ते केल्यावाचून इतिहासकाराचे पाऊल पुढे पडत नाही. मधल्या दाराचा उपयोग हा असा आहे.

पोतदार मूळचे महाडकडील बिरवाडीचे. आणि ज्यांनी ते मंडळ १९१० साली मेहेंदळ्यांसह स्थापन केले, त्या इतिहासाचार्य राजवाड्यांच्या बालपणाचे धागे याच वरसईशी जुळलेले आहेत. एक लिहिणारा, एक कागद जपणारी संस्था उभारणारा, आणि एक तो कागद वाचून छापणारा. तिघेही आपल्या या जुन्या कुलाबा जिल्ह्याशी बांधलेले. याचा आपणांस अभिमान वाटावा, परंतु नुसता अभिमान वाटून थांबू नये, एवढ्यासाठी हे सांगितले.

येथे कोणी म्हणेल, "हे सारे ठीक, पण विद्यार्थ्याने थोडे इतिहासाचे, थोडे साहित्याचे, थोडे समाजशास्त्राचे शिकले, तर एक ना धड भाराभर चिंध्या असे होईल." ही भीती खोटी नाही. असे प्रबंध आम्ही पाहिले आहेत. परंतु राजवाड्यांकडे पाहा. बखरीपेक्षा अस्सल पत्राला अधिक मान द्यावा म्हणून ते हट्टाने भांडले, दारोदार हिंडून लोकांच्या माळ्यावरची दफ्तरे त्यांनी मिळविली, आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' हे खंड बाहेर काढले. तेच राजवाडे ज्ञानेश्वरीच्या भाषेचे व्याकरण लिहितात. त्यांची सारी मते आज टिकतील असे नाही. काही खचितच टिकत नाहीत. तथापि भाषा आणि इतिहास ही दोन शास्त्रे त्यांनी स्वतंत्रपणे, घाम गाळून कमावली होती, आणि मग एकत्र आणली. चिंध्या होतात त्या दोन्हींत कच्चे राहिल्याने.

दुसरा दाखला आणखी जवळचा घ्या. अलिबागपलीकडे आक्षीला सापडलेला शिलालेख आपणांस माहीत असेल. त्यावरील काळ कोणी शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असा वाचतात, आणि मग तो मराठीतील अतिप्राचीन लेखांपैकी एक ठरतो. दुसरे कोणी म्हणतात की त्यात आलेला केशिदेव राजा शिलाहारांच्या उत्तरकाळातील आहे, तेव्हा लेख सुमारे दोनशे वर्षांनी अलीकडचा असला पाहिजे. हा वाद एकट्या लिपितज्ज्ञास मिटविता येणार नाही, एकट्या इतिहासकारासही नाही आणि एकट्या भाषाशास्त्रज्ञासही नाही. दगड एकच आहे. त्याला विचारणारे तिघे लागतात.

पण दगड, दफ्तर आणि पोथी यांत ज्यांचे नावच नाही, त्यांचे काय? भटजींना लिहिता येत होते. धक्क्यावर मासळीची पाटी घेऊन उतरणाऱ्या बाईला लिहिता येत नव्हते, पण तिचा हिशेब कधी चुकला नाही. तिचे आयुष्य इतिहासात येणार कसे? याचे उत्तरही मराठीतच मिळते. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघींनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना गाठून त्यांच्या तोंडून हकीगती मिळविल्या, आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक सिद्ध केले. त्यांनी ते केले नसते, तर त्या चळवळीच्या इतिहासात सभा, ठराव आणि पुरुषांची भाषणे एवढेच राहिले असते. तसेच नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातील माणसांची मनोगते गोळा केली; ती इंग्रजीत २००४ साली आली, आणि पुढे 'कथा मुंबईच्या गिरणगावाची' या नावाने मराठीत. त्यांतील एक बाई वास्तुशास्त्रज्ञ, म्हणून चाळ, खोली आणि गल्ली यांकडेही पुस्तकाची नजर गेली. गिरण्यांच्या चिमण्या गेल्या. ते आवाज राहिले.

मग एम. ए. च्या विद्यार्थ्यास आम्ही काय शिकवावे? आमच्या मते चार गोष्टी. एक, मोडी. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपला व्यवहार तीत चालला, आणि आज नातवाला आजोबांचे खत वाचता येत नाही. दुसरी, काळ ताडून पाहण्याची विद्या. शक, तिथी, भरती-ओहोटी, फेरफाराची नोंद, जन्ममृत्यूचे रजिस्टर. तिसरी, संहिता पारखणे. कोणी लिहिले, कोणी बदलले, काय गाळले. आणि चौथी, जी सर्वांत कठीण, ती माणसाचे ऐकून घेणे. समोरच्याचे शब्द आपल्या शब्दांनी न बदलणे, तो थांबला तर आपण मध्ये न बोलणे, आणि जे त्याने विश्वासाने सांगितले ते त्याच्या परवानगीवाचून न छापणे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात विद्याशाखांमधल्या भिंती कमी करण्याविषयी पुष्कळ लिहिले आहे. ते चांगलेच आहे. परंतु धोरणाने भिंत पडत नाही. दोन विभागांच्या प्राध्यापकांनी एका विद्यार्थ्यास एका टेबलापाशी बसविले म्हणजे पडते. ते आम्ही त्या मुलाच्या बाबतीत केले नाही.

आता चालकांनी विचारलेल्या प्रश्नाकडे येतो. रेवसकरांनी काय करावे?

प्रथम, पेटी रद्दीत घालू नये. कुपन, तिकीट, रेशनकार्ड, शाळेचा दाखला, लग्नपत्रिका, बोटीचा जुना फोटो, काहीही असो. निरुपयोगी काय आहे हे आपण ठरवू नये. भटजींचे बाड एखाद्या सुनेने चुलीत घातले असते तर तिलाही ते निरुपयोगीच वाटले असते. दुसरे, फोटोमागे शिसपेन्सिलीने नाव, गाव आणि साल लिहून ठेवावे. आज जे नाव आपणांस पाठ आहे, ते तीस वर्षांनी कोणास सांगता येणार नाही. तिसरे, घरातील वृद्धांना बोलते करावे. आज प्रत्येकाच्या खिशात आवाज उतरवून घेणारे यंत्र आहे. राजवाड्यांना ते मिळाले असते तर त्यांनी काय केले असते याची कल्पना करावी! मात्र उतरवून घेतल्यावर तारीख आणि बोलणाऱ्याचे नाव लिहून ठेवावे, आणि एक प्रत त्या घरीच राहू द्यावी. चौथे, 'रामदास'मध्ये कोणत्या घरचे कोण गेले, ही यादी गावोगाव करावी. हे काम विद्यापीठास एकट्याने जमणार नाही. ते आपणच करू शकाल, कारण कोणाच्या घरी काय विचारावे आणि कोणाच्या घरी नुसते बसून चहा घेऊन परत यावे, हे आपणांस कळते.

वेळ मात्र थोडा उरला आहे. त्या दिवशी दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीच्या घरात आहे. पाच वर्षांनी हे व्याख्यान द्यावे म्हटले, तर त्याचा उपयोग निम्माच राहील. आम्ही एकदा उशीर केला. आपण करू नये, एवढीच विनंती करण्यास आम्ही खाडी ओलांडून आलो.

व्याख्यान संपल्यावर मागच्या रांगेत बसलेल्या त्या वृद्ध गृहस्थांना आम्ही भेटणार आहोत. दुपारी लाँचवर त्यांनी चार शब्द सांगितले आणि आम्ही पुढचे विचारले नाही. आज रात्री ते विचारू; आणि त्यांची हरकत नसेल, तर लिहून घेऊ.